अनेकांच्या वतीने एक दावा: सोलापुरात वकिली सुरू करणाऱ्यांसाठी

जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केल्यानंतर पहिल्या दोन-चार वर्षांतच असा एक दिवस येतो की, ऑफिसात एका पक्षकाराच्या जागी पंधरा-वीस माणसे एकदम येतात. खुर्च्या पुरत नाहीत, काही जण जिन्यातच थांबतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या असतात. कधी ती एकाच योजनेत घर बुक केलेली माणसे असतात, कधी एकाच बियाण्याने फसलेले शेतकरी, तर कधी एकाच ठिकाणी ठेव अडकलेले कामगार. त्यांचे म्हणणे एकच असते: "साहेब, आमची सगळ्यांची मिळून एकच केस करा." मी अशी प्रकरणे बरीच वर्षे वादींच्या बाजूने चालवत आलो आहे. या कामात समोर बसलेल्या वीस जणांपेक्षा न आलेल्या दोनशे जणांची जबाबदारी मोठी असते, हे नव्या वकिलाने पहिल्याच दिवशी मनावर घ्यावे. निकाल त्यांच्यावरही बंधनकारक होतो, आणि त्यांनी आपले तोंडही पाहिलेले नसते.

वर्तमानपत्रांत अशा प्रकरणांना सरसकट 'क्लास ॲक्शन' म्हटले जाते. हा शब्द अमेरिकेतून आला आहे. तेथील संघराज्य न्यायालयांच्या दिवाणी नियमांपैकी २३ व्या नियमात माणसांची मोठी संख्या, सामाईक प्रश्न, प्रतिनिधीचा दावा इतरांच्या दाव्यासारखा असणे आणि प्रतिनिधीची योग्यता अशा अटी आहेत. शिवाय तेथील वकील वसूल होणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर काम करू शकतो. आपल्याकडे ती रचना जशीच्या तशी नाही, टक्केवारीला तर मनाईच आहे. आपला मूळ आधार म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १ नियम ८. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघांनी न्यायालयाच्या परवानगीने चालवायचा, म्हणजेच प्रातिनिधिक, दावा त्याखाली होतो. त्याच धर्तीवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(सी) मध्ये समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने तक्रार करण्याची सोय आहे. भागधारक आणि ठेवीदारांसाठी कंपनी कायदा, २०१३ मध्ये कलम २४५ आले, ते १ जून २०१६ पासून लागू झाले. सत्यम कंपनीचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाल्यानंतर अमेरिकेतील गुंतवणूकदारांना सामूहिक दाव्यातून साडेबारा कोटी डॉलरची तडजोड मिळाली, इथल्या भागधारकांना मात्र तसा मार्गच नव्हता. ती उणीव या कलमाने भरली. कलम २४५ ची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोर चालतात आणि सोलापुरातल्या नवख्या वकिलाकडे क्वचितच येतात, म्हणून त्यात मी अधिक शिरत नाही.

पहिली पायरी: कोणत्या दारात जायचे ते ठरवा

माणसे 'कोर्टात जाऊ' असे म्हणत येतात, पण प्रत्येक तक्रारीची जागा दिवाणी न्यायालय नसते. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा रास्त किमान दर, थकली असेल तर दावा लावून वर्षानुवर्षे थांबण्याची गरज नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते आणि पुण्याच्या साखर आयुक्तांकडून वसुलीचा दाखला निघाल्यावर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करू शकतात. खासगी वित्तीय आस्थापनेत ठेवी बुडाल्या असतील तर आधी महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण कायदा, १९९९, म्हणजे आपण ज्याला एमपीआयडी म्हणतो, तो पाहावा. त्यात मालमत्ता जप्त होऊन विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांत प्रमाणशीर वाटप होऊ शकते. नाल्याचा, धुराचा किंवा सांडपाण्याचा उपद्रव असेल तर संहितेच्या कलम ९१ खाली दोन किंवा अधिक व्यक्तींना न्यायालयाच्या परवानगीने दावा करता येतो आणि त्यांना स्वतःचे विशेष नुकसान दाखवावे लागत नाही. पर्यावरणाचा प्रश्न मोठा असेल तर हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्याला आहे. जनहित याचिकेसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो.

सार्वजनिक न्यासाचा वाद असेल तर महाराष्ट्रात संहितेचे कलम ९२ चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चे कलम ५० पाहावे आणि धर्मादाय आयुक्तांची संमती घ्यावी. हे न पाहता दाखल केलेला दावा पहिल्याच हरकतीला पडतो.

ग्राहक आयोगाचा मार्ग निवडलात तर गणित आधी करा. २०२१ च्या नियमांनुसार दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी असेल तर राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. आता समजा, जुळे सोलापुरातील एका योजनेत ४० जणांनी प्रत्येकी ३० लाख रुपये भरले आहेत. एकेकाची तक्रार इथल्याच जिल्हा आयोगात बसते. पण सर्वांच्या वतीने एकत्र गेलात तर रक्कम १२ कोटी होते. जुन्या कायद्याखाली अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २०१६ मध्ये सर्वांची एकत्रित रक्कम धरावी असे सांगितले, त्यामुळे प्रकरण दिल्लीला जाण्याची तयारी ठेवावी लागते. सोलापुरातील निवृत्त शिक्षकाला इथे तारखेला येता येते, तिथे येत नाही. एकत्र जाण्यातली ताकद आणि जवळच्या आयोगातली सोय, या दोन्ही गोष्टी पक्षकारांसमोर मांडून त्यांनाच ठरवू द्यावे.

दुसरी पायरी: वही

मी अशा प्रत्येक प्रकरणासाठी एक जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घालतो. संगणकावर तक्ता असला तरी वही हवीच, कारण सही, अंगठा आणि त्या दिवसाची तारीख तीत राहते. प्रत्येक पानावर एकच माणूस. नाव, पत्ता, मोबाईल, कोणती भाषा वाचता येते, व्यवहाराची तारीख, रक्कम, पावतीचा क्रमांक, मूळ कागद कोणाकडे आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तक्रारीचे कारण ज्या दिवशी घडले ती तारीख. ग्राहक तक्रारीला कलम ६९ नुसार दोन वर्षांची मुदत आहे, करारावरील दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन. यादीत ज्याची तारीख सर्वांत आधीची, त्याच्या मुदतीप्रमाणे सगळे काम आखावे. शासन किंवा सहकारी संस्था प्रतिवादी असेल तर दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस लागते: शासनाला संहितेचे कलम ८०, संस्थेच्या कामकाजाविषयी वाद असेल तर सहकारी संस्था कायद्याचे कलम १६४. हे दोन महिने त्या हिशेबात आधीच धरावेत.

भाषेचा रकाना पाहून नवीन वकील थांबतात. आपल्या शहरात तो आवश्यक आहे. पूर्व भागात साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, आणि उर्दू वाचणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. विडी कामगार बाईला मराठी बोलता येते, म्हणून तिला कायदेशीर मराठी वाचता येते असे धरून चालू नये.

तिसरी पायरी: हितसंबंध खरोखर समान आहे का?

संपूर्ण प्रकरण या एका प्रश्नावर उभे राहते किंवा कोसळते, म्हणून येथे घाई करू नये.

कायद्याला सर्वांचे दाव्याचे कारण तंतोतंत एकच असणे अपेक्षित नाही. १९७६ च्या दुरुस्तीने नियम ८ ला जोडलेले स्पष्टीकरण हेच सांगते. अध्यक्ष, तामिळनाडू गृहनिर्माण मंडळ विरुद्ध गणपती या १९९० च्या निकालात मद्रासच्या अशोक नगरमधील गाळेधारकांकडे मंडळाने जादा रकमेची मागणी केली होती. प्रत्येकाला वेगळी नोटीस गेली, म्हणून दावेही वेगळे हवेत, असे मंडळाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही, कारण मागणी योग्य की अयोग्य हा प्रश्न सर्वांसाठी एकच होता आणि सर्वांचे हित त्यात सारखे गुंतले होते. नियम ८ चा हेतूच असा की, एका प्रश्नासाठी शंभर दावे होऊ नयेत.

पण दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच घातक आहे. ब्रिगेड एंटरप्रायझेस विरुद्ध अनिल कुमार विरमानी या डिसेंबर २०२१ च्या निकालात बंगळुरूच्या १,१३४ सदनिकांच्या प्रकल्पात ५१ सदनिका घेतलेल्या ९१ जणांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती. उरलेल्या एवढ्या सदनिकाधारकांचेही हित आपल्यासारखेच आहे हे दाखवणारी विधाने तक्रारीत नव्हती. न्यायालयाने ती प्रातिनिधिक तक्रार म्हणून मान्य केली नाही, मात्र त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालू ठेवली. यातून दोन मार्ग स्पष्ट होतात. आलेल्यांपुरतीच तक्रार करायची असेल तर संयुक्त तक्रार करावी, त्यात प्रत्येकाचे नाव असते आणि नोटिशीचा खटाटोप नसतो. न आलेल्यांच्याही वतीने बोलायचे असेल तर ते सर्व कोण, त्यांचे हित आपल्यासारखे कसे आणि मागणी सर्वांना लागू कशी पडते, हे परिच्छेद क्रमांकानिशी लिहावे लागते.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याकडून चादरीसाठी रंगीत सूत घेतले, चादर पहिल्या धुण्यात रंग सोडू लागली आणि माल परत आला, अशी तक्रार घेऊन तीस यंत्रमागधारक आले. वरवर पाहता प्रश्न एकच आहे. पण त्यांच्यात घरामागच्या शेडमध्ये चार माग चालवून सारे कुटुंब राबणारा माणूस आहे आणि अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत चाळीस माग व पगारी कामगार ठेवणारा कारखानदारही आहे. ग्राहक कायद्यात व्यापारी हेतूने खरेदी करणारा ग्राहक ठरत नाही, फक्त स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेणाऱ्याला त्यातून सूट आहे. म्हणजे पहिला माणूस आयोगात जाऊ शकतो, दुसरा नाही. दोघांना एकाच तक्रारीत बसवले तर विरुद्ध बाजूचा वकील पहिल्याच कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, त्या फटीत बोट घालतो आणि सगळे मिळून अडचणीत येतात. अशा वेळी घरच्या मागवाल्यांची एक तक्रार आयोगात आणि कारखानदारांचा वेगळा दावा दिवाणी न्यायालयात, अशी विभागणी करणेच योग्य. सुताच्या लॉटचा क्रमांकही पाहावा. वेगवेगळ्या लॉटमधला दोष वेगवेगळा असू शकतो, आणि मग एकाचा प्रयोगशाळेतील अहवाल दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

मागणी कोणती करायची, हाही याच पायरीचा भाग आहे. जाहीर ठराव (म्हणजे न्यायालयाने हक्क जाहीर करणे), मनाईहुकूम, हिशेब देण्याचा आदेश, किंवा चौरस फुटामागे, पुड्यामागे, लॉटमागे ठराविक दराने परतावा, अशा मागण्या प्रातिनिधिक दाव्यात उत्तम बसतात. प्रत्येकाच्या मनस्तापाची वेगळी रक्कम मागितली की प्रत्येकाचा वेगळा पुरावा लागतो आणि दावा तिथेच जड होतो.

चौथी पायरी: पुढे कोण उभे राहणार?

गटात जो सर्वांत मोठ्याने बोलतो, त्याला पुढे करण्याचा मोह टाळावा. प्रातिनिधिक वादी असा हवा की ज्याचे कागद पूर्ण आहेत, ज्याची तक्रार गटातल्या बहुतेकांसारखी आहे, जो तारखांना येऊ शकतो आणि जो समोरच्या पक्षाचा नातेवाईक, पुरवठादार किंवा कर्जदार नाही. या शेवटच्या मुद्द्याची खात्री तोंडी विचारून न करता लेखी घ्यावी. माझ्या मते किमान तीन वादी असावेत. वर्षे जातात, एखादा मुलाकडे पुण्याला जातो, एखादा आजारी पडतो, एखादा परस्पर मिटवून घेतो. नियम ८ च्या पाचव्या उपनियमानुसार प्रतिनिधी दावा नीट चालवत नसेल तर न्यायालय त्याच्या जागी दुसऱ्याला घेऊ शकते, पण ती वेळ येऊ न देणे बरे.

पाचवी पायरी: फी आणि वकीलपत्र

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांपैकी २० वा नियम स्पष्ट आहे: निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेता येत नाही. "जिंकलो तर दहा टक्के" असे पक्षकार स्वतःहून म्हणतात, आणि त्यांना ते सोयीचेही वाटते, तरीही नाही म्हणावे. ३६ वा नियम जाहिरात आणि पक्षकार गोळा करणे या दोन्हींना मनाई करतो. त्यामुळे "अमुक योजनेतील ग्राहकांनी आमच्याशी संपर्क साधावा" असा संदेश आपण व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, कनिष्ठाकरवीही नाही, ओळखीच्या माणसाकरवीही नाही. लोकांना एकत्र आणणे हे लोकांचे काम आहे.

व्यवहारात मी असे करतो. टप्प्यांनुसार ठराविक फी लेखी ठरवतो: दाखल करणे, परवानगी, पुरावा, युक्तिवाद. नोटीस, कोर्ट फी, झेरॉक्स, प्रयोगशाळा यांचा खर्च वेगळा. पैसे मी एकेकाकडून घेत नाही. गटाने दोन-तीन जणांच्या सहीचे बँक खाते उघडावे, प्रत्येकाला पावती द्यावी आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांना वाचून दाखवावा. शंभर-दोनशे रुपये महिना देणारी विडी कामगार बाई त्या हिशेबाकडे जितक्या बारकाईने पाहते, तितके बारकाईने कुठला लेखापरीक्षकही पाहत नसेल, आणि तिला तो पाहायचा पूर्ण हक्क आहे.

वकीलपत्रावर सही फक्त प्रातिनिधिक वादींची असते. पण आपले कर्तव्य फक्त त्या तिघांपुरते नाही. एखादा प्रतिनिधी आपल्या एकट्याच्या फायद्याची सूचना देऊ लागला तर ती गटाच्या हिताविरुद्ध आहे, हे त्याला लेखी कळवावे.

सहावी पायरी: परवानगीचा अर्ज, आणि माझी चूक

पूर्वीच्या ग्राहक मंचाच्या काळात बार्शी तालुक्यातील कांदा उत्पादक शेतकरी माझ्याकडे आले होते. एका कंपनीचे बियाणे लावल्यावर शेतेच्या शेते डेंगळ्यांनी (फुलांच्या दांड्यांनी) भरली होती, कांदा पोसलाच नव्हता. अकरा जणांची नावे मी तक्रारीत घातली आणि शीर्षकात पुढे "व इतर सर्व बाधित शेतकऱ्यांच्या वतीने" असे लिहिले. एवढ्याने इतरांचेही काम झाले असे मला वाटले. परवानगीचा स्वतंत्र अर्ज मी दिला नाही, आदेश मागितला नाही, नोटीस काढली नाही. दीड वर्षाने विरुद्ध बाजूच्या वकिलांनी ते दाखवून दिले आणि मंचाने योग्यच सांगितले की, तक्रार नावे असलेल्या अकरा जणांपुरतीच आहे. त्यांना भरपाई मिळाली. निकालानंतर एक वयस्क शेतकरी बाई माझ्याकडे आल्या. त्यांनी बियाण्याचा रिकामा पुडा, त्यावरचा लॉट क्रमांक दिसेल असा घडी घालून, बिलासह पिशवीत जपून ठेवला होता. "वकीलसाहेब, आमचं नाव त्यात हाय म्हणून आमी गप बसलो हुतो," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांची दोन वर्षांची मुदत संपून पाच महिने झाले होते. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

तेव्हापासून मी परवानगीचा अर्ज वादपत्राबरोबर, त्याच दिवशी दाखल करतो. अंतरिम मनाईचा निशाणी ५ चा अर्ज आपण विसरत नाही, तसाच हाही विसरायचा नाही. अर्जात पाच गोष्टी याव्यात: गटाची नेमकी व्याख्या, अंदाजे संख्या आणि ती कशावरून काढली, समान हित, प्रतिनिधींची योग्यता, आणि नोटीस कशी द्यायची याची सूचना. व्याख्या "सर्व पीडित ग्राहक" अशी मोघम नसावी. "अमुक योजनेत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोंदणीकृत करार केलेल्या आणि भोगवटा प्रमाणपत्र न मिळालेल्या सर्व व्यक्ती" अशी असावी, म्हणजे कोणीही माणूस स्वतःकडे पाहून आपण आत आहोत की बाहेर हे सांगू शकेल. परवानगीवर लेखी आदेश होईपर्यंत पाठपुरावा करावा, आणि तोपर्यंत यादीतल्या प्रत्येकाला कळवावे की अजून तुमचे संरक्षण झालेले नाही. मुदत जवळ असलेल्यांची नावे सरळ वादी किंवा तक्रारदार म्हणून घालावीत.

सातवी पायरी: नोटीस

परवानगी मिळाली की गटातील सर्वांना वादीच्या खर्चाने नोटीस देणे बंधनकारक आहे. संख्या मोठी असेल तर न्यायालय जाहीर नोटिशीस मान्यता देते. सोलापुरात मराठी दैनिकाबरोबर तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत मजकूर छापण्याची परवानगी मी अर्जातच मागतो, आणि योजनेच्या प्रवेशद्वारावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर व बाजार समितीत प्रत लावण्याचीही. नोटिशीचा मजकूर साधारण असा असावा:

"सोलापूर येथील दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयातील वरील दाव्यात वादी क्र. १ ते ३ यांना, खाली वर्णन केलेल्या सर्व व्यक्तींच्या वतीने दावा चालविण्याची परवानगी देण्यात आली आहे. दाव्यात पुढील मागण्या केल्या आहेत. आपण या वर्णनात येत असाल आणि आपणास स्वतः पक्षकार व्हावयाचे असेल, तर पुढील तारखेस सकाळी ११ वाजता हजर राहून अर्ज करावा. या दाव्यात होणारा हुकूमनामा आपणावरही बंधनकारक राहील."

शेवटचे वाक्य जाड अक्षरात छापून घ्यावे. अमेरिकेत माणसाला चिठ्ठी पाठवून गटाबाहेर पडता येते. नियम ८ मध्ये तशी सोय नाही. पक्षकार होऊन आपले म्हणणे मांडणे हाच त्याच्यासमोरचा मार्ग आहे, आणि म्हणून नोटीस त्याच्यापर्यंत खरोखर पोहोचणे महत्त्वाचे आहे. बेलिफाचा अहवाल, वर्तमानपत्राचे मूळ अंक आणि फलकावर लावल्याचे फोटो दस्तऐवज यादीसह लगेच दाखल करावेत. नोटीस सदोष असेल तर पुढे संहितेच्या कलम ११ च्या सहाव्या स्पष्टीकरणाखालील बंधनकारकतेवरच वाद होतो आणि जिंकलेला दावा पुन्हा लढावा लागतो.

पुरावा

याविषयी थोडक्यात सांगतो, कारण यातले बहुतेक इतर दाव्यांसारखेच आहे. सगळ्यांना साक्षीला आणू नये. गटातील प्रत्येक प्रकारचे एक-दोन साक्षीदार आणि प्रतिवादीकडूनच मिळणारे एकत्रित कागद, जसे विक्री नोंदवही, लॉटनिहाय वितरण, मंजूर नकाशा, यांवर भर द्यावा आणि ते हजर करण्याचा अर्ज वेळेत द्यावा. बियाण्यांच्या प्रकरणात तालुकास्तरीय समितीचा पंचनामा, लॉट क्रमांक असलेले बिल आणि सातबारावरील पीकनोंद हे तीन कागद मूळ स्वरूपात मिळवावेत. नमुना उरला नाही म्हणून तक्रार बुडते असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले आहे आणि सगळे बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असेही सांगितले आहे. तो निकाल फाईलमध्ये ठेवावा.

तडजोड

सर्वांत जास्त घात येथे होतो. दावा मजबूत झाला की समोरचा पक्ष तीन प्रतिनिधींना चहाला बोलवतो आणि त्यांचे पैसे व्याजासह देऊ करतो. एका प्रकरणात असे ठरल्याचे मला संध्याकाळी सात वाजता कळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दावा काढून घेण्याची पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन, माझ्यासमोर सहीसाठी आली. मी सही केली नाही. नियम ८ च्या चौथ्या उपनियमानुसार दाव्याचा कोणताही भाग सोडून देणे, दावा काढून घेणे किंवा तडजोड नोंदवणे, यांतले काहीही सर्वांना नोटीस दिल्याशिवाय होत नाही. शिवाय आदेश २३ नियम ३-बी नुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली प्रातिनिधिक दाव्यातील तडजोड निरर्थक ठरते. हे दोन नियम मी पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवतो आणि प्रतिनिधींकडून लिहून घेतो की, समोरच्या पक्षाशी बोलणे झाले तर ते त्याच दिवशी मला आणि गटाला कळवतील.

तडजोड वाईट असते असे मात्र नाही. वृद्ध माणसांना अपिलांच्या दहा वर्षांपेक्षा आजचे ऐंशी टक्के बरे वाटू शकतात. पण न आलेल्याला आलेल्याइतक्याच दराने मिळते का, प्रतिनिधींना वेगळे काही मिळते का, आणि पैसे देण्याची तारीख व हमी काय, हे तीन प्रश्न तडजोडीच्या मसुद्याच्या पहिल्या पानावर सुटलेले दिसले पाहिजेत. मसुदा बैठकीत मोठ्याने वाचावा, गरज असेल तर तेलुगू आणि कन्नडमध्ये सांगावा, विरोध करणाऱ्यांची नावे व कारणे लिहून ती न्यायालयासमोर ठेवावीत. विरोध दडपून मिळवलेली परवानगी पुढे टिकत नाही.

हुकूमनाम्यानंतर

निकाल लागला की गर्दी ओसरते, पण वकिलाचे काम अर्धेच झालेले असते. दिवाणी हुकूमनाम्यासाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी. आयोगाच्या आदेशासाठी कलम ७१ खाली अंमलबजावणी आणि आदेश न पाळल्यास कलम ७२ खाली शिक्षेची कारवाई, असे दोन्ही मार्ग आहेत. रक्कम शक्यतो न्यायालयात किंवा आयोगात जमा करून घ्यावी, कोणा एकाच्या खात्यात नको. मग पुन्हा तीच वही काढावी. मधल्या वर्षांत पत्ते बदललेले असतात, कोणी वारलेले असते. मयताच्या वारसांना कोणते कागद लागतील ते आधी न्यायालयाकडून ठरवून घ्यावे, म्हणजे पाच हजार रुपयांसाठी कोणाला वारस दाखल्याच्या चकरा माराव्या लागणार नाहीत. परत आलेली पाकिटे फेकू नयेत. कुंभारीच्या घरकुलांत राहायला गेलेले कुटुंब जुन्या गल्लीतल्या शेजाऱ्याला विचारल्यावर सापडते, हा माझा अनेकदाचा अनुभव आहे. वाटप झाल्यावर कोणाला किती मिळाले, कोण सापडले नाही आणि त्यांची किती रक्कम न्यायालयात शिल्लक आहे, याचा तक्ता पुरसिशीसह दाखल करावा आणि त्याची एक प्रत वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवावी, कारण त्यानंतरही दोन-तीन वर्षे कोणी ना कोणी पावती घेऊन येत राहते.